वडील फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी एका भावाची चूक झाली की शिक्षा आम्हा तिघांनाही. ही सवय कधी जाते का?

नाही जात. आणि जाऊ नये, असं माझं मत आहे. मीही माजी सैनिक, मराठा लाइट इन्फंट्री. बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरला भरपूर रगडा, म्हणजे शिक्षेची कवायत, खाल्लाय. एकाच्या बुटाला पॉलिश नसली की अख्ख्या स्क्वॉडनं फ्रंट रोल मारायचे. आधी त्या एकाचा राग येतो, पुढं रात्री त्याचे बूट आपणच घासून ठेवतो. उस्तादाला, म्हणजे कवायत शिकवणाऱ्याला, तेच हवं असतं. रात्रीच्या गस्तीत एकानं विडी पेटवली, तर गोळी काय त्यालाच शोधत येत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात टँकर विहिरीत रिकामा व्हायचा आणि ज्याच्या मनगटात जोर त्याचे पोहरे आधी. म्हाताऱ्या बायका काठावर उभ्या. मी टँकर विहिरीत सोडूच दिला नाही. गल्लीवार रांगा लावल्या, घरटी घागरी ठरवल्या. एके दिवशी आमच्याच भावकीतला एक जण रांग मोडून घुसला. मी त्याची अख्खी गल्ली शेवटी ढकलली. पाणी पुरलं नाही. चुलतभाऊ भर चौकात म्हणाला, "दादा, हे गाव हाय, पलटण न्हाई. त्या म्हातारीनं काय केलतं?"

अजूनही तो लग्नाच्या पंगतीत मला हेच ऐकवतो. आता माझं विचारणं: दुसऱ्या दिवशी त्या घुसणाऱ्याला रांगेत कुणी उभं केलं? त्याच म्हातारीनं, शिव्या घालून. आणि त्या चुलतभावाच्या मळ्यात तेव्हा स्वतःचा बोअर चालू होता, हेही लिहून ठेवतो.

तुमच्या वडिलांचं म्हणाल तर मागं कुरकुर करू नका. पलटणीत दरबार भरतो, तिथं जवान उभा राहून साहेबांसमोर आपला पॉइंट मांडतो. रविवारी त्यांची दाढी उरकली की तिघंही समोर उभे राहा. तिघं मिळून आलात, यातच ते निम्मे विरघळतील.

हे मी पायदळाचं सांगतोय, सगळेच फौजी असे नसतात. शिवाय रगडा खाणारे सगळे धडधाकट, एका वयाचे असतात. तुमच्यातला धाकटा शाळकरी असेल, तर त्याला यातून वगळायला सांगा. त्या म्हातारीच्या घरी संध्याकाळी मी माझ्या वाट्याच्या घागरी पोचवल्या होत्या. चुलतभाऊ तेवढं कधी सांगत नाही.