जरबेराला जरबेरा हे नाव कसं पडलं? आणि ती डेझीच असते का?

नाव एका माणसाचं आहे, ट्राउगोट गेर्बर. जर्मन डॉक्टर, वनस्पतींचा अभ्यासक, १८व्या शतकात रशियात होता आणि मॉस्कोच्या औषधी वनस्पतींच्या बागेचा प्रमुख होता. १७४३ मध्ये वारला, वय फक्त तेहतीसच्या आसपास. पुढे लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने वनस्पतींच्या एका वंशाला (जवळच्या जातींच्या गटाला) त्याचं नाव दिलं आणि ते टिकलं.

आता मला यातली सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट सांगते. आपण बुकेमध्ये बघतो ते फूल गेर्बरने कधी पाहिलंच नसणार, कारण ते मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं. तिथे बार्बर्टन गावाजवळ सोनं सापडलं म्हणून लोकांची झुंबड उडालेली, त्याच भागात रॉबर्ट जेमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने ही झाडं गोळा केली, ती पुढे इंग्लंडच्या क्यू गार्डन्सपर्यंत पोचली आणि १८८९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरने त्याचं रीतसर वर्णन छापलं, नाव जरबेरा जेमसोनी. म्हणजे गेर्बर जाऊन जवळजवळ दीडशे वर्षं झाल्यावर! एकाच फुलाच्या नावात दोन माणसं, आणि दोघांची भेट होणं शक्यच नव्हतं. बार्बर्टन डेझी, ट्रान्सवाल डेझी ही नावंही तिथूनच आली, ट्रान्सवाल म्हणजे बार्बर्टन ज्यात होतं तो तेव्हाचा प्रदेश.

आजचे एवढे रंग मात्र जंगलातले नाहीत. केंब्रिजच्या बॉटॅनिक गार्डनमध्ये रिचर्ड लिंच यांनी जेमसोनीचा दुसऱ्या एका आफ्रिकन जरबेराशी संकर केला, तिथून सुरुवात झाली.

उच्चाराचं म्हणाल तर माणूस गेर्बर, म्हणून मूळ धरून गेर्बेरा व्हायला हवं, पण आपल्याकडे जरबेरा रुळलंय आणि मला त्यात काही चूक वाटत नाही.

डेझी म्हणायला हरकत नाही, कुळ तेच, सूर्यफूल शेवंती झेंडू सगळे त्यातलेच. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर शेकडो बारीक फुलांचा गुच्छ असतो, कडेची प्रत्येक लांब पाकळी हेसुद्धा एक वेगळं फूल. विश्वास बसत नसेल तर पुढच्या वेळी जरबेरा हातात आला की मधली चकती अगदी जवळून बघा, तिथली इवलीशी फुलं एकदम उमलत नाहीत, आधी बाहेरच्या कडेची आणि मग हळूहळू आत आत.