वेचणीला बायका कुठून आणशील?

प्रिय बेटा,

'द सिम्स' हा माणसांचं घर-संसार चालवायचा गेम खेळून कंटाळा आला, आता आपलाच गेम करते, असं तू लिहिलंस. कर. पण कंटाळा कशाचा आला ते आधी नीट पाहा.

२००० साली पहिला सिम्स आला, तेव्हा त्यातली गंमत वस्तूंमध्ये होती. फ्रिज जणू हाक मारायचा, 'इकडे ये, भूक भागेल', आणि ज्या वस्तूची हाक मोठी तिकडे माणूस जायचा. चौथा भाग २०१४ ला आला तोच स्विमिंग पूल आणि दुडदुडणाऱ्या पोरांविना. पूल त्याच नोव्हेंबरात मिळाले, पोरं थेट २०१७ ला. मग नव्या वस्तूंचे विकतचे पॅकवर पॅक. वस्तू वाढल्या, हाक मात्र तीच राहिली. कंटाळा तिथला आहे.

आता तुझ्या गेमचा नवा नियम. सिम्समध्ये फोन केला की कामवाली हजर. आपल्याकडे कापूस फुटला की साऱ्या गावाचा एकदमच फुटतो, अन् पैसे हातात घेऊन फिरलं तरी वेचणीला बाई मिळत नाही. गेम एवढ्यावरच उभा कर.

वावरं चार, प्रत्येकात ४०० किलो कापूस. वेचणाऱ्या सहा, रोज प्रत्येकी ३० किलो. म्हणजे सगळं उरकायला नऊ दिवस. सहाव्या दिवशी संध्याकाळी अवकाळी पाऊस आण. तोवर १०८० किलोच वेचून होतो. एकेक वावर उरकत गेलं तर दोन सुटतात, तिसरं अर्धवट राहतं, चौथं पूर्ण भिजतं. चौथं कोणाचं, हाच सगळा खेळ.

गेम बनवायचं गोडो (Godot) इंजिन फुकट आहे. चित्रांच्या मागे लागू नकोस, रंगीत चौकोन पुरे. प्रत्येक बाईला भूक, थकवा आणि सोबत हे तीन आकडे दे, ० ते १००. भूक तासाला ६ पेक्षा जास्त उतरू देऊ नको, नाहीतर बायका दिवसभर भाकरीच खात बसतील. शिवाय वावर असलेल्या प्रत्येक घराशी तिचं नातं, उणे १० ते अधिक १०. सकाळी वावराची हाक मोज: किलोमागचा दर, अधिक नात्याची दुप्पट, वजा अंतर.

पहिल्याच दिवशी सहाही जणी एकाच वावरात जातील. म्हणून ज्यांची हाक सगळ्यांत मोठी अशा दोन वावरांतून एक चिठ्ठीनं निवडू दे. मैत्रीण जिथं, तिथं थोडे जास्त गुण, कारण बायका टोळीनंच जातात. अन् एकदा निवडलं की संध्याकाळपर्यंत बदल नाही. हे कुलूप विसरलीस तर दर तासाला हिशोब फिरेल आणि बाई दोन धुऱ्यांमध्ये येरझारा घालत राहील. ही चूक जवळजवळ सगळेच करतात. प्रत्येक निवडीचे आकडे एका ओळीत छापून ठेव, त्याशिवाय चूक सापडत नाही.

नातं बदलतं ते जूनपासून: डवरणीला बैलजोडी कोणी दिली, बाजाराच्या दिवशी मजुरी कोणी अडवली. हा आकडा पडद्यावर दाखवू नको. बाई 'पाहू उद्या' म्हणाली, की खेळणाऱ्यानं समजावं.

पूर्ण हंगाम करायला जाऊ नकोस. २०१६ चा शेतीचा गेम स्टारड्यू व्हॅली एका माणसानं केला खरा, पण त्यात त्याची चारेक वर्षं गेली. पॅराडॉक्स कंपनीचा सिम्ससारखाच 'लाइफ बाय यू' तर २०२४ ला बाजारात येण्याआधीच गुंडाळला गेला. तू नऊ दिवस कर, दिवस तीन मिनिटांचा. जूनमधलं सगळं सुरुवातीच्या चार प्रश्नांत विचारून घे.

झालं की वेचणीला जाणाऱ्या एखाद्या काकूंना खेळायला दे. 'आमी अशा नाई करत' म्हणाल्या, तर कोणत्या दिवशी, कोणत्या वावरात, तेवढं लिहून मला पाठव.

तुझा,
काका