कट्टा तेवढा ठेव

पोरा,

परवा तू प्लॅन उलगडून बसलास, बाहेरचा कट्टा काढून तिथं काचेचा फ्रंट करायचा म्हणालास, तेव्हा मी गप्प बसलो. रात्री झोप लागेना म्हणून लिहितोय. पुण्याची नोकरी धरायची की इथं कोल्हापुरात राजारामपुरीत कॅफे टाकायचा, तो घोळ तुझा तू निस्तर. घर तुझ्या आजीचं, पैसा तुझा. पण कट्टा पाडू नको.

राजारामपुरी काय आहे ते जरा समजून घे की. पेठा आपल्या बोळाबोळानं वाढल्या, शाहूपुरी शाहू महाराजांनी 1895 ला व्यापारासाठी वसवली, तिथं गुळाची बाजारपेठ उभी राहिली, आणि ही राजाराम महाराजांच्या नावाची वसाहत मात्र सरळ आखून काढलेली, पहिली ते चौदावी गल्ली, पत्ता नुसता आकड्यात. मग आकड्यांच्या गल्लीत ओळख कशानं पटायची? कट्ट्यावर कोण बसलंय त्यानं. पुढं 1962 ला विद्यापीठ झालं, खोल्या करून राहणारी पोरं आली, मेस आल्या, क्लास आले, आता कॅफे. येऊ देत, माझी काही तक्रार नाही.

आमच्या घराला काळ्या दगडाचा कट्टा होता, बसून बसून गुळगुळीत झालेला. 1994 ला मी तो फोडून शटर बसवलं. बहिणीचं लग्न तोंडावर होतं, गाळ्याचं भाडं पाहिजे होतं, दुसरा मार्गच नव्हता, हे मी आजही कुणालाही सांगेन. गडी पाटीतनं दगड उचलत होते तेव्हा वडील दारात उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. नंतर वर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, रस्त्यावरनं कुणी हाक मारली तर ऐकू जायचं नाही. हळूहळू लोकांनी हाका मारायच्या बंद केल्या.

अडीच फुटात दोन टेबलं वाढतील म्हणतोस. वाढतील रे! पण गणपतीच्या आगमनाला मेन रोड तुडुंब भरतो तेव्हा लेकुरवाळ्या बायका कुठं टेकतात हे तू कधी बघितलंयस का? तुझ्याच दारात टेकतात. आणि तू त्यांना काच दाखवणार? कट्टा पाडू नको, किती वेळा सांगू.

दार दोन फूट आत घेऊन काच बसवता येते, मी मोजून दाखवतो. रविवारी सकाळी टेप घेऊन ये, आर्किटेक्टलाही आण. संध्याकाळी नको, समोरचे आजोबा बसलेले असतात, त्यांना उठवायला लागेल.