मैदानावरचे प्रश्न : जॉर्जियाचा अर्वेलाद्झे, ओली पुळण आणि एका गोलाचा फरक

प्रश्न : इंग्लंडमधल्या हल सिटी फुटबॉल क्लबचा माजी कोच अर्वेलाद्झे कोण? नावाचा उच्चार दर वेळी वेगळाच ऐकू येतो. (एक वाचक, वेंगुर्ले)

शोता अर्वेलाद्झे, फुटबॉलमधला फॉरवर्ड, म्हणजे गोल करणारा पुढच्या फळीतला खेळाडू. जन्म 1973, गाव तिबिलिसी. जॉर्जिया देशाकडून 61 सामने, 26 गोल. उच्चाराच्या बाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे. आडनावाच्या शेवटी जो 'द्झे' आहे, त्यातला आवाज म्हणजे आपल्या 'जाळं'मधला 'ज'. 'जेवण'मधला नव्हे. पहिल्या नावातला 'त'ही जॉर्जियन माणूस 'थ'च्या जवळ नेऊनच म्हणतो. 'द्झे' म्हणजे मुलगा. आपल्याकडे 'कर' लागला की गाव कळतं, तिकडे 'द्झे' लागला की घराणं.

दिनामो तिबिलिसीतून तो 1993मध्ये तुर्कस्तानातल्या ट्रॅबझोनस्पोरला गेला. जुळा भाऊ अर्चिलही तिथेच खेळला. ट्रॅबझोन काळ्या समुद्रावरचं, मागे डोंगर आणि पुढे पाणी असं चिंचोळ्या पट्टीचं शहर. नकाशा न बघताही कोकणातल्या माणसाला ते कळेल. 1995-96मध्ये तो 25 गोलांसह तुर्की लीगचा अव्वल गोल करणारा ठरला, पण संघ दुसराच आला. मग नेदरलँड्समधला आयाक्स, स्कॉटलंडचा रेंजर्स, पुन्हा नेदरलँड्समध्ये एझेड आणि शेवटी स्पेनमधला लेवांते. 2008मध्ये बूट टांगले.

प्रश्न : मोठा फॉरवर्ड हमखास चांगला कोच होतो का? आमच्या संघाला एका जुन्या स्ट्रायकरला कोच करायचं आहे. (एक वाचक, रत्नागिरी)

हमखास नाही. त्याला कोच करण्याआधी एक वर्ष दुसऱ्या कुणाच्या हाताखाली ठेवा. अर्वेलाद्झेच्या वाटचालीत आम्हाला मोलाचा वाटतो तो गाजावाजा न झालेला टप्पा. खेळणं थांबवल्यावर तो एझेडमध्ये लुई व्हान खाल या कोचचा सहायक झाला. त्याच कोचच्या हाताखाली तो तिथे खेळलेलाही होता. एझेडने 2009मध्ये डच लीग जिंकली तेव्हा तो बाकावर होता. मुख्य कोचपद त्यानंतर, तेही आयाक्ससारख्या बड्या घरात नाही, तुर्कस्तानातल्या कायसेरीस्पोरमध्ये. पुढे तिथलाच कासिमपाशा.

2015मध्ये ट्रॅबझोनस्पोरने त्याला कोच म्हणून बोलावलं. तिथे खेळाडू म्हणून त्याचं नाव अजून घेतात, पण ती पुण्याई अर्धा हंगामही पुरली नाही. उलट ताश्कंदच्या पाख्ताकोरला, जिथे जुनी ओळख काहीच नव्हती, 2019मध्ये त्याने लीग, कप आणि लीग कप असे तिन्ही मिळवून दिले. हल सिटीत मात्र जानेवारी 2022 ते सप्टेंबर 2022 एवढाच मुक्काम झाला.

तुमच्या स्ट्रायकरची खरी अडचण वेगळीच असेल. त्याला गोल कसा मारायचा ते येतं, पण आपण ते कसं करतो हे त्याने कधी शब्दांत मांडलेलं नसतं. 'बघ, असं मार' म्हणून तो स्वतःच मारून दाखवतो, पोरं टाळ्या वाजवतात आणि सराव संपतो.

प्रश्न : आमची मुलं डीमधून चेंडू बारवरून उडवतात. पावसाळ्यात तर विचारू नका. मैदान जांभ्याचं, कधी कधी पुळणीवरही खेळतो. (एक वाचक, मालवण)

चेंडू बारवरून जातो तो बहुतेक वेळा टेकलेल्या पायामुळे, मारणाऱ्या पायामुळे नव्हे. टेकलेला पाय चेंडूच्या मागे राहिला की अंग मागे कलतं आणि बूट चेंडूच्या खाली घुसतो. तो पाय चेंडूच्या बरोबरीत, वीतभर बाजूला, अंगठा निशाणाकडे. छाती चेंडूवर. मुलाला एवढंच सांगा आणि आठवडाभर दुसरं काही सांगू नका.

सराव असा लावा. गोलची रुंदी 7.32 मीटर. दोन्ही खांबांपासून आत एकेक मीटरवर करवंटी ठेवा. खांब आणि करवंटी यांच्यामधून गेला तोच गोल धरायचा. मुलगा पेनल्टीच्या ठिपक्यावर, म्हणजे 11 मीटरवर. पास देणारा बाजूला 20 मीटरवर. आठ चेंडू, त्यातले चार डाव्या पायाने, मग दीड मिनिट विश्रांती. असे तीन फेरे. पहिल्या आठवड्यात दोन स्पर्श, म्हणजे एकाने चेंडू थांबवायचा आणि दुसऱ्याने मारायचा, नंतर एकच. चौथा फेरा घेऊ नका. दमलेला पाय चुकीचीच सवय लावून घेतो.

ओल्या जांभ्यावर चेंडू उसळत नाही, सरपटत येतो, आणि मुलाला वाटतो त्याहून लवकर पोचतो. म्हणून पाऊल अर्धा क्षण आधी, आणि जोरापेक्षा बुटाच्या आतल्या बाजूने दिशा. जांभ्यावर स्क्रूचे लांब स्टड (बुटाच्या तळाचे खुंट) नकोत. ते रुतत नाहीत, पाय मुरगळतो. आखूड, साच्यातले रबरी स्टड बरे. चेंडूतली हवा नियमाप्रमाणे 0.6 ते 1.1 अॅटमॉस्फिअर, म्हणजे सायकलवाल्याच्या पंपावर 8.5 ते 15.6 पीएसआय. लहान मुलांना खालच्या टोकाजवळच ठेवा.

पुळणीवर कोरड्या वाळूत हा सराव करू नका. चेंडू रुततो आणि मुलं पायाच्या बोटांनी खणून मारायला शिकतात, नेमकी तीच खोड. ओहोटीची कडक ओली वाळू हवी. संध्याकाळचा सराव पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास ठेवा. तेव्हा उधाणाची ओहोटी पाच-सहाच्या सुमारास असते आणि पाणी लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी, भरती संध्याकाळीच येते आणि पट्टा उरत नाही. तिथीचा पाऊण पट म्हणजे भरतीची वेळ, हा हिशोब तुमच्याकडचे रापणकर सांगतीलच.

प्रश्न : लीग स्पर्धेत दोन संघांचे गुण सारखे झाले आणि भांडण झालं. नियम काय? (एक वाचक, कुडाळ)

तुम्ही आधी लिहून ठेवाल तोच नियम. अर्वेलाद्झेचंच उदाहरण घ्या. मे 2003, स्कॉटिश लीगचा शेवटचा दिवस. रेंजर्स आणि सेल्टिक गुणांवर सारखे, गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) दोघांचाही 68. रेंजर्सने डन्फर्मलिनला 6-1 हरवलं, त्यातला एक गोल अर्वेलाद्झेचा. सेल्टिकने किल्मारनॉकला 4-0. दोघांचे गुण 97, गोलफरक 73 आणि 72. एका गोलाने लीग रेंजर्सची. लीग कुणाची यावरून नियमाचं भांडण झालं नाही, कारण क्रम हंगामाआधीच ठरलेला होता आणि दोन्ही सामने एकाच वेळी सुरू झाले. तुम्हीही आधी गोलफरक, मग केलेले गोल, मग आपसातला सामना असा क्रम छापून प्रत्येक कॅप्टनची सही घ्या. मैदान एकच असेल आणि शेवटचे सामने एकामागून एक घ्यावे लागत असतील, तर गोलफरकाऐवजी आपसातला सामना आधी धरा. नाहीतर दुसऱ्या सामन्यातल्या संघाला किती गोल हवेत ते आधीच ठाऊक असतं.

प्रश्न : कोचिंगचं लायसन्स कुठून सुरू होतं? (एक वाचक, दापोली)

डी लायसन्सपासून. पुढे सी, बी, ए आणि प्रो. महाराष्ट्रात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन ही राज्य संघटना. कोर्सच्या तारखा आणि फी तुमच्या जिल्हा संघटनेतून विचारा. कोर्सला जाण्याआधी वरचा तीन फेऱ्यांचा सराव कुणाच्या तरी मुलांवर एकदा घेऊन बघा. तिथे मैदानावर उभं राहून सराव चालवून दाखवावा लागतो, आणि खेळताना कधी न अडखळलेले लोक शिट्टी हातात आली की अडखळतात.