वाचकांचे प्रश्न : वाळूवरची घरटी

प्रश्न : मार्चपासून कन्हान नदीतल्या वाळूच्या बेटावर नदी सुरय (टर्न) पक्षी अंडी घालताना दिसतात. कुत्री येतात, म्हणून घरट्यांभोवती दगड रचावेत का? आणि आमच्या नोंदी अभ्यासाला उपयोगी पडाव्यात यासाठी काय करावे?
— एक वाचक, कामठी, जि. नागपूर

उत्तर : दगड रचू नका. कुत्रे ते सहज ओलांडते. कावळ्यांना मात्र खूण मिळते. सुरयाचे घरटे म्हणजे वाळूतला उथळ खळगा आणि त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी. ती वाळूत ओळखू येत नाहीत, यावरच सारी भिस्त.

खरा धोका उन्हाचा. एप्रिल-मेच्या दुपारी वाळू हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. तेव्हा पक्षी अंड्यांवर सावली धरतो, मधूनमधून पोटाची पिसे नदीत भिजवून आणतो. तुमच्यामुळे तो दहा मिनिटे दूर राहिला तरी आतले पिल्लू मरू शकते. म्हणून सकाळी आठच्या आत, काठावरूनच दुर्बिणीने मोजा. पक्षी ओरडत डोक्यावर झेपावू लागले तर लगेच मागे फिरा. बेटावर उतरावेच लागले, तर घरट्यापर्यंत जाऊन परतू नका, बाजूने पुढे निघून जा. माणसाच्या वासामागे कुत्रे येते. अंड्यांना हात लावणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका.

नोंद दर सात दिवसांनी घ्या : तारीख, वेळ, बसलेले पक्षी, पाण्याची पातळी. पातळीसाठी काठाशी खाचा पाडलेला बांबू रोवा. वरच्या धरणातून पाणी सुटले की सखल घरटी एका रात्रीत जातात आणि बोल कुत्र्यांना लागतो.

आता हिशेब. समजा, 10 घरट्यांपैकी आठवड्यात 3 गेली. ‘70 टक्के वाचली’ असे लिहाल तर फसाल, कारण उबवणी सुमारे तीन आठवडे चालते. पक्षी-अभ्यासक हॅरोल्ड मेफील्ड यांनी 1961 मध्ये सुचवलेली रीत सोपी आहे. प्रत्येक घरटे किती दिवस टिकले ते मोजा. वाचलेल्या 7 घरट्यांचे, प्रत्येकी 7 प्रमाणे, 49 दिवस. गेलेली 3 आठवड्याच्या मध्यावर गेली असे धरून 10.5 दिवस, एकूण 59.5. 3 भागिले 59.5, म्हणजे रोज सुमारे 5 टक्के नुकसान. म्हणजे रोज 95 टक्के (0.95) वाचतात. उबवणीच्या 21 दिवसांसाठी 0.95 चा 21 वा घात घ्या, म्हणजे 21 वेळा 0.95 मांडून त्यांचा गुणाकार करा : जेमतेम 34 टक्के. सत्तर आणि चौतीस यांत केवढे अंतर आहे!

रिकामा खळगा दिसला की लगेच ‘नष्ट’ लिहू नका. पिल्ले काही दिवसांतच घरटे सोडून झुडपांत लपतात. खळग्यात कवचाचे बारीक कण असतील तर बहुधा अंडी फुटून पिल्ले निघालेली असतात. बलकाने माखलेले मोठे तुकडे असतील तर शिकार झालेली. वाळू उपसा किंवा डांगरवाडीची (नदीपात्रातल्या कलिंगड-खरबुजांच्या मळ्याची) नांगरट बेटापर्यंत आली असेल तर तारखेसह फोटो वनखात्याला द्या.

प्रश्न : पावसाळ्यात वेंगुर्ल्याला गेलो असताना किनाऱ्यावर थकून बसलेला मोठा पांढरा पक्षी दिसला. लोक त्याला पाण्यात ढकलत होते. ते बरोबर होते का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नाही. वादळात दमलेला पक्षी पुन्हा लाटांत टिकत नाही. वर्णनावरून तो बूबी हा समुद्रपक्षी असावा. टॉवेल टाकून उचला, चोच डोळ्यांपासून दूर ठेवा, भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. तोंडात पाणी किंवा मासा कोंबू नका. चोच कधीही बांधू नका : बूबीच्या बाहेरच्या नाकपुड्या बंद असतात, तो तोंडानेच श्वास घेतो. वनखात्याचा 1926 हा क्रमांक फिरवा आणि पक्षी त्यांच्या हवाली करा.