उत्तर ध्रुव सरकतोय, मग होकायंत्रावर भरवसा ठेवायचा का?

तुम्ही विचारलंय की चुंबकीय उत्तर ध्रुव सरकतोय तर जहाजं, विमानं वाट चुकणार का. मर्चंट नेव्हीत बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो, तो काही आत्ताच सरकायला लागला नाहीये, 1831 मध्ये जेम्स क्लार्क रॉसला कॅनडाच्या उत्तरेला सापडला तेव्हाही फिरतच होता, फक्त 1990 नंतर पठ्ठ्याने स्पीड घेतला, वर्षाला 50-55 किलोमीटर, आणि निघाला सायबेरियाकडे. हल्ली जरा दमलाय, 35 च्या आसपास.

जहाजावर हा हिशोब रोजचाच. चार्टवर, म्हणजे समुद्री नकाशावर, कंपास रोझ (दिशांचं वर्तुळ) छापलेला असतो, त्यात बारीक अक्षरात व्हेरिएशन (खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला कोन), वर्ष आणि तो कोन दरवर्षी किती बदलतो ते लिहिलेलं असतं. समजा इंग्लिश चॅनलच्या जुन्या चार्टवर 4°15' पश्चिम, 1995, दरवर्षी 8' (मिनिटं, 60 मिनिटांचा एक अंश) पूर्व असं आहे, तर 30 वर्षांचे झाले 240 मिनिटं, पूर्वेचे म्हणून पश्चिमेतून वजा, म्हणजे अख्खे 4 अंश गेले, उरली 15 मिनिटं. हे न करता जुनाच आकडा लावला तर 60 मैलांत 4 मैल बाजूला, आणि चॅनलमध्ये तेवढ्यात तुम्ही समोरून येणाऱ्यांच्या लेनमध्ये! कॅडेट असताना मी पूर्वेचं पश्चिम करून बसलो होतो, सेकंड मेटने (वरच्या अधिकाऱ्याने) काही न बोलता माझ्या हातातली पेन्सिलच काढून घेतली.

आता तुम्ही म्हणाल जीपीएस आहे की. आहे, रोजचं स्टिअरिंग जायरोवर (विजेवर फिरणाऱ्या चाकाच्या होकायंत्रावर) चालतं आणि त्याला चुंबकाशी देणंघेणं नाही, पण ब्लॅकआउट झाला आणि बॅकअपनेही दगा दिला की मंकी आयलंडवरचा (जहाजाच्या ब्रिजच्या छतावरचा) मॅग्नेटिक कंपासच कामी येतो, म्हणून दर वॉचला (पाळीला) सूर्याचा ॲझिमथ (दिशेचा कोन) घेऊन कंपासची एरर बुकात लिहायची, कंटाळा आला तरी.

विमानवाल्यांचंही तेच, रनवेचे नंबर चुंबकीय दिशेवरून असतात (180 अंश म्हणजे 18), फ्लोरिडात टॅम्पाला 2011 मध्ये 18 चा 19 रंगवावा लागला. नकाशे, मोबाइल सगळं चुंबकीय क्षेत्राच्या ज्या मॉडेलवर चालतं ते दर 5 वर्षांनी नवं निघतं, 2019 मध्ये मात्र वेळेआधीच काढावं लागलं.

आपल्याकडे मुंबईत व्हेरिएशन एक अंशाहून कमी, त्यामुळे ट्रेकला जाताना विसरलात तरी चालेल. (आपली कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला गेली ती विजेच्या ट्राम येणार म्हणून, त्यांच्या करंटने रीडिंग बिघडलं असतं.) फक्त मोबाइलच्या कव्हरला मॅग्नेट असेल तर ते आधी काढा, ध्रुवापेक्षा जास्त घोळ ते घालतं.