पहिलं लाकूड लावण्याआधी

३०१८ सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या सूचनेवर लाकूड कोरणारं मशीन घेतलंस, छान केलंस. ३०१८ म्हणजे साधारण ३०० बाय १८० मिलिमीटरची जागा. दारावरची पाटी, छोटा गणपती यांसाठी पुरेशी. पण लगेच सागवान लावू नकोस. आधी पाइनचा टाकाऊ तुकडा घे.

घाईने बिट (कोरणारं फिरतं पातं) मोडतं हे खरंच, पण अति सावकाश चालवणंही तितकंच वाईट. १०,००० आरपीएम (मिनिटाला फेरे), दोन धारांचं बिट आणि मिनिटाला ६०० मिलिमीटर पुढे सरकण्याचा वेग धरलास, तर प्रत्येक धार ०.०३ मिलिमीटर लाकूड काढते. वेग फारच कमी केलास की धार कापत नाही, घासते. लाकूड काळं पडतं, जळका वास येतो, बिट बोथट होतं. एका फेरीत कापाची खोली अर्धा मिलिमीटरच ठेव. भुसा चिमटीत घेऊन बघ: बारीक कीस असेल तर बरोबर चाललंय, पीठ असेल तर वेग वाढव. (एमडीएफचं, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचं, मात्र नेहमी पीठच होतं.)

मुंबईच्या पावसाळी हवेत लाकूड फुगतं. मी एक पाटी जुलैत कोरली, ती दिवाळीपर्यंत वाकली. अजून हळहळ वाटते. फळी आणल्यावर आठ-दहा दिवस घरात ठेव, मगच काप.

बिटं मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या अवजारांच्या बाजारात बघ. दांडा ३.१७५ मिलिमीटरचा माग.

एमडीएफची धूळ छातीत जाते, मास्क आणि व्हॅक्यूम दोन्ही हवेत. मशीन चालू असताना खोली सोडू नकोस. आणि दुपारी शेजारचे आजी-आजोबा झोपतात, तेवढा वेळ बंद ठेव.